रंगाचे दोन हात आणि त्याआधीचं काम

परळच्या चाळीतली आमची खोली दहा बाय बाराची. गेल्या वर्षी रमजानआधी घाईघाईत ती रंगवायला काढली. भिंतींवर जुना गडद हिरवा ऑइल पेंट होता. आम्हाला हवा होता फिकट बदामी. रंगारी म्हणाला, "दोन हात बस होतील." चार हात दिले, तरी हिरवा खालून डोकावत राहिला. अब्बा हयात असताना ज्या भिंतीला टेकून बसत, तिथला डोक्याच्या तेलाचा डागही पुन्हा वर आला. मुलांच्या ईदेच्या कपड्यांचे पैसे जादा डब्यांत गेले आणि पावसाळ्यात पापुद्रे सुटले.

चूक डब्याची नव्हती, आमच्या घाईची होती.

पूर्वी चाळीत चुन्यात नीळ घालून हात फिरवत. ओला चुना पारदर्शक दिसे, वाळला की भिंत झाके. पुढे डिस्टेंपर आले, इमल्शन आले. एशियन पेंट्सची सुरुवातही 1942 साली इथल्याच गिरगावात, गायवाडीतल्या एका गॅरेजमध्ये चार मित्रांनी केली.

आजच्या रंगात भिंत झाकण्याचं मुख्य काम टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड करते. ती ज्या इल्मेनाइटपासून बनते, ते आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही सापडतं. स्वस्त रंगात ही पूड बहुधा कमी असते. भडक पिवळे, लाल रंगही कमी झाकतात. डब्यावर लिहिल्यापेक्षा जास्त पाणी घातलं, तर चांगला रंगसुद्धा विरळ होतो.

दुकानातून आधी छोटा डबा आणावा. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या मार्करने जाड पट्टा ओढून त्यावर रंगाचे दोन हात द्यावेत, मधे नीट वाळू द्यावं. पट्टा दिसेनासा झाला, तर रंग झाकणारा.

हिशेबही घरीच करावा. दहा फूट उंची धरली, तर आमच्या खोलीच्या चार भिंती 440 चौरस फूट होतात. त्यातून दारं-खिडक्या वजा कराव्यात. डब्यावरचा चौरस फुटांचा आकडा एका हाताचा की दोन हातांचा, तेही वाचावं.

यंदा आम्ही क्रम बदलला. आधी ओल कुठून येते ते शोधून बंद केलं आणि भिंत वाळू दिली. सुटे पापुद्रे काढले, तेलाचा डाग सोड्याच्या पाण्याने धुतला. चकचकीत ऑइल पेंटवर इमल्शन धरत नाही, म्हणून भिंत ओली करून पॉलिश पेपरने घासली. कोरडी मुद्दाम घासली नाही. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये ते जास्त असू शकतं आणि त्याची धूळ मुलांना फार घातक. घासताना मुलांना शेजारी पाठवलं, नंतर फरशी ओल्या फडक्याने पुसली. खड्ड्यांत लांबी भरली, मग पांढऱ्या ऑइल प्रायमरचा एक हात दिला.

त्यावर बदामी इमल्शनचे दोनच हात पुरले. एक डबा उरला, तो दुकानदाराने परत घेतला. ईदेचे कपडे यंदा वेळेवर आले.

संध्याकाळी अम्मींनी विचारलं, "तो डाग गेला का?" आम्ही म्हटलं, "गेला." त्या क्षणभर भिंतीकडे पाहत राहिल्या. मग उठून अब्बांची खुर्ची होती तिथेच, पण भिंतीपासून वीतभर पुढे ठेवली.