बाटलीतला उजेड

खोकल्याचे औषध संपले, की झाकणाला भोक पाडून वात ओवायची, रॉकेल भरायचे, झाली चिमणी! हट्ट्यासारख्या गावांतून कित्येक मुलांनी याच उजेडात अक्षरे गिरवली. मात्र ही बाटली उंच आणि हलकी; धक्का लागताच कलंडते, रॉकेल सांडून भडका उडतो.

श्रीलंकेतील शल्यविशारद डॉ. विजय गोडकुंबुरा यांनी असे भाजलेले रुग्ण पाहून बुटका, जड काचेचा दिवा घडविला. दोन बाजू सपाट असल्याने तो गडगडत नाही. आट्यांच्या धातूच्या झाकणामुळे रॉकेल सांडत नाही. १९९८ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार लाभला.

घरात चिमणी असल्यास ती आजच बाद करावी. भाजल्यास जखमेवर २० मिनिटे गार पाण्याची धार धरावी; टूथपेस्ट लावू नये.