एकलव्याचा अंगठा परत द्या

गुरूवाचून विद्या नाही, हे वाक्य आपल्या घराघरांत इतक्या वेळा आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने उच्चारले जाते की, उच्चारणाऱ्याने स्वतः कोणत्या गुरूपाशी कोणती विद्या किती वर्षे घेतली, हे विचारण्याचे धाडस कोणी करीत नाही. ते धाडस आज करावयाचे आहे. निमित्त आहे गिटारचे.

मध्यमवर्गीय मराठी घरात आता गिटार येऊ लागली आहे. कधी चिरंजीव हट्ट धरतात, कधी कन्या पहिल्या पगारातून घेऊन येते, कधी निवृत्त झालेले गृहस्थ चाळीस वर्षे मनात दाबून ठेवलेली हौस एके दिवशी उघड करतात. पहिले आठ दिवस कौतुकाचे. नवव्या दिवशी बैठक भरते. आजोबा म्हणतात, "आधी कुणाच्या तरी पायाशी बसायला हवं." आत्या विचारते, "याची परीक्षा कुठली असते?" काकांना वाद्याची जातच पसंत नसते: "आपली सतार काय वाईट होती?" आणि गृहस्थ निवृत्त असले तर सौभाग्यवतींचा एकच प्रश्न असतो, "आता या वयात?" दोन महिन्यांनी गिटार खोळीत शिरते आणि कपाटावर चढते. तेथे ती सुरक्षित असते. घरही सुरक्षित असते.

फेंडर या प्रसिद्ध अमेरिकन गिटार-कंपनीचे प्रमुख असताना अँडी मूनी यांनी सांगितले होते की, नव्याने गिटार हाती घेणाऱ्या शंभरांतले नव्वद जण पहिल्या वर्षातच ती सोडून देतात. बोटे दुखतात, हे खरे. पोलादी तारेवर नाजूक बोट दाबले की ते दुखणारच. पण काही आठवड्यांत बोटांच्या टोकांना घट्टे पडतात आणि दुखणे थांबते. घरच्यांच्या हसण्याला घट्टे पडत नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे की, शिकणारा वाद्याला भिऊन पळत नाही इतका तो घराला भिऊन पळतो. आणि या भीतीला आपण गुरुभक्तीचे नाव दिले आहे.

वाचकहो, दिवाळीचे दिवस आहेत. आपल्याच अंगणात पाहा. मुले माती कालवून किल्ला करतात. बुरूज एका अंगाला झुकतो, तळ्यातले पाणी गळते, शिवाजी महाराज सिंहासनाहून उंच आणि मावळे तोफेपेक्षा मोठे होतात. पण किल्ला करण्याआधी स्थापत्यशास्त्राचा वर्ग लावा, असे कोणी सांगितले आहे काय? नव्या सूनबाईच्या चकलीचे पहिले चार वेढे तुटतात. भाजणी मोडत नाही, सोऱ्या हिसकावून घेतला जात नाही, "पाणी थोडं जास्त झालं गं" एवढ्यावर भागते. वाकडा आकाशकंदील आपण अभिमानाने दारी टांगतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे चार वाजता कानठळ्या बसविणारे फटाके मुकाट्याने सहन करतो. आणि त्याच घरात संध्याकाळी सहा वाजता, दार लोटून, कोणी सहा तारांवरून हलकेच हात फिरवला की आपल्या कानांची सुसंस्कृतता एकाएकी जागी होते! फटाक्याला जे स्वातंत्र्य आहे ते तारेला का नसावे?

आता गुरूंच्या प्रश्नाकडे वळू. माझे भांडण गुरूशी नाही. गाण्यात गुरू हवा, आणि तो वर्षानुवर्षे हवा. गळ्याला पडदे नसतात. गंधार कोठे उभा करावयाचा, कोमल ऋषभ अमुक रागात किती उतरवावयाचा, मींड कोठून कोठवर न्यायची, हे समोर बसून, ऐकून, चुकून आणि दटावले जाऊनच कळते. आपली गुरुशिष्यपरंपरा या गरजेतून उभी राहिली आणि तिचे ऋण कोणी नाकारू नये. पण एका विद्येची गरज सगळ्या विद्यांना लावणे हा विचार नव्हे, सवय आहे.

गिटारच्या मानेवर पडदे ठोकलेले असतात. कोणत्या पडद्यामागे बोट ठेवले की कोणता स्वर निघेल, हे वाद्य घडविणाऱ्यानेच गणिताने ठरवून ठेवले आहे. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो आणि तेथे तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. तारा जुळविण्याची रीतही वाद्यातच लिहून ठेवली आहे. सर्वांत जाड तार पाचव्या पडद्यावर दाबली की जो स्वर निघतो, तो तिच्या शेजारच्या मोकळ्या तारेचा. असेच खाली यावे. फक्त तिसऱ्या तारेवर पाचव्याऐवजी चौथा पडदा धरून दुसरी जुळवावी. ज्या वाद्याने स्वराची जागा दाखविली, तारा जुळविण्याची खूण सांगितली आणि चूक झाली की तत्काळ खरखर करून कळविले, त्या वाद्याला निगुरे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. ते स्वतःच एक कडक मास्तर आहे; फक्त फी घेत नाही आणि घरी तक्रार करीत नाही.

शिवाय, स्वतः शिकणे म्हणजे कोणाचेही न ऐकणे, असे कोणी सांगितले? भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने चोवीस गुरू केले; नाथमहाराजांनी ते मराठीत घरोघर पोचविले. त्यांत मधमाशी आहे, अजगर आहे, कोळी आहे. बाण घडविणारा कारागीर आहे. राजाची स्वारी वाजतगाजत शेजारून गेली तरी त्याने मान वर केली नाही. आणि ती कुमारी आहे, जिने कांडताना काकणांचा आवाज होऊ नये म्हणून एकेक करीत काकणे उतरवली आणि हातात एकच ठेवले. एकट्याने बसून सराव करण्याचे याहून चांगले समर्थन मला माहीत नाही. दोन काकणे वाजतात. एक वाजत नाही.

हे चोवीस गुरू शोधीत हिंडण्याची हौस मात्र हवी. लिव्हरपूल शहरात पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन ही दोन पोरे एकदा बसने गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. का? तर तेथल्या एका माणसाला 'बी सेव्हन' नावाची एक कॉर्ड, म्हणजे एक स्वरमेळ, येते असे त्यांच्या कानावर आले होते. ती एक कॉर्ड शिकून पोरे घरी परतली. ही हकीकत मॅकार्टनी यांनीच पुढे सांगितली आहे. त्या माणसाला गुरू म्हणावयाचे की नाही, ते आजोबांनी ठरवावे. पोरांचे शिकणे त्यासाठी थांबले नाही.

आणि आता एकलव्य. त्याची गोष्ट आपण मुलांना गुरुभक्तीचा धडा म्हणून सांगतो. तिच्यातली दुसरी बाजू मात्र गिळतो: ज्यांनी त्याला एक बाणही धरावयास शिकविले नाही, त्यांनीच त्याचा अंगठा मागितला. अंगठा मागणारे आजही घरोघर आहेत. त्यांच्या माहितीसाठी तीन अंगठ्या-बोटांच्या गोष्टी सांगतो.

इंडियानापोलिसचे वेस मॉन्टगोमरी पोटासाठी दिवसा नोकरी करीत. चार्ली ख्रिश्चनच्या तबकड्या ऐकून-ऐकून ते गिटार शिकले. रात्री घरच्यांना व शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून नखी टाकून त्यांनी नुसत्या अंगठ्याने तार छेडण्यास प्रारंभ केला, असे सांगतात. तो मऊ, भरीव नाद पुढे जॅझ संगीतात त्यांची ओळख ठरला.

जँगो राइनहार्ट याचे वय 1928 साली अठरा होते. त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या बोटांनी वाद्य कसे वाजवावे, हे शिकविणारा गुरू जगात नव्हता. तो त्याला स्वतःच व्हावे लागले. आणि युरोपातील जॅझच्या थोर वादकांत तो जाऊन बसला.

तिसरी गोष्ट सौभाग्यवतींनी अवश्य वाचावी. उत्तर कॅरोलायनातील एलिझाबेथ कॉटन ही निग्रो मुलगी भाऊ घरी नसताना त्याचा बँजो चोरून वाजवी. ती डावखुरी, वाद्य उलटे धरले की जाड तारा बोटांखाली आणि बारीक तारा अंगठ्याखाली येत. 'असे धरू नये' हे सांगणारे कोणी जवळ नव्हते म्हणून ती अंगठ्याने चाल वाजवू लागली. लोकांच्या घरी काम करून जमविलेल्या पैशांतून तिने पावणेचार डॉलरची गिटार घेतली. पुढे लग्न झाले, संसार आला. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी ही ऐहिक गाणी सोड म्हणून सांगितले आणि तिने वाद्य खाली ठेवले. किती काळ? काही दशके! उतारवयात ती सीगर या संगीतप्रेमी कुटुंबात घरकामाला लागली. भिंतीवर गिटार टांगलेली होती; तिने ती काढून घेतली. साठी उलटल्यावर, 1958 साली, तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि नव्वदीच्या घरात तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. "आता या वयात?" या प्रश्नाला इतके सविस्तर उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

काकांचा आक्षेप राहिला: वाद्य परके. गोव्याच्या घरांत गिटार आणि मँडोलिन कधीची नांदत आहेत, हे बाजूला ठेवू. ज्या पेटीवाचून आपले भजन होत नाही आणि नाट्यसंगीत उभे राहत नाही, ती पेटी युरोपातूनच आली. 1940 साली आकाशवाणीने तिला दार बंद केले आणि तीस वर्षांनंतर, 1971 साली, अटी घालून ते किलकिले केले. मराठी माणसाने त्या हुकुमाची वाट पाहिली नाही. गोविंदराव टेंबे यांनी कोल्हापूरच्या देवल क्लबात थोरांचे गाणे कानांत साठवून हीच परकी पेटी बव्हंशी स्वतःच्या कष्टाने साधली. गिटारचे म्हणाल, तर ब्रिजभूषण काब्रांनी ती मांडीवर आडवी घेऊन तिच्यातून राग काढले; 1967 सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीत ती शिवकुमारांच्या संतूरशेजारी आणि हरिप्रसादांच्या बासरीशेजारी मानाने बसली आहे. वाद्याचा जन्म कोठे झाला हे पत्रिकेसाठी ठीक. संसाराला त्याची गरज नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही सोडून चालणार नाही. एक जण अंगठा मागतो, तर दुसरा आकाश देऊ करतो. बर्ट वीडन या इंग्रज वादकाने 1957 साली एक पुस्तक काढले; त्याच्या नावातच एका दिवसात वाजविण्याचे आश्वासन होते. पुस्तक चांगले होते, पुढे नावाजलेल्या अनेकांनी त्यावरून धडे गिरविले. पण एका दिवसात त्यांच्यापैकी कोणीही वादक झाला नाही. आज तेच आश्वासन मोबाइलमधून रोज शंभरदा मिळते. याच्या जोडीला हौशी आईबाप असतात. पोराला दोन कॉर्ड आल्या की त्याचे चित्रण सगळ्या नात्यागोत्यात फिरते आणि पोराच्या मनात एकच गोष्ट ठसते: वाजवावयाचे ते दाखविण्यासाठी. मग जे दाखविता येत नाही ते वाजविणेच बंद होते. कुचेष्टा आणि कौतुक ही एकाच झाडाची फळे आहेत. दोघांनाही शिकणाऱ्याचा एकांत सहन होत नाही.

शिकणाऱ्यालाही चार शब्द सुनावतो, कारण स्वतः शिकण्याचा हक्क मागणाऱ्याने स्वतःला सूट मागू नये. वाद्य रोज सुरात लावल्याखेरीज वाजवू नका. बेसूर हात माफ आहे, बेसूर तार नाही. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे बसा. दोनच कॉर्ड घ्या आणि एकीवरून दुसरीवर बोटे न अडखळता जातील इतक्या सावकाश वाजवा. वेग मागून चालत येतो. 'एफ' नावाच्या कॉर्डपाशी पहिले बोट सगळ्या तारांवर आडवे टाकावे लागते. तेथे बहुतेकांचा घाट लागतो. तेथे थांबा, पण परतू नका. आणि मनगट दुखू लागले तर हट्टाने रेटू नका, जाणत्याला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. विचारल्याशिवाय हातच लावू नये, यात आहे.

घराकडे माझे मागणे फार मोठे नाही. गिटार कपाटावरून खाली काढा आणि येता-जाता हाताशी येईल अशी भिंतीला टांगा. दिवसाकाठी अर्धा तास एक खोली मोकळी ठेवा. पहिले वर्षभर "काहीतरी वाजवून दाखव" असे म्हणू नका, आणि "पुरे आता" असेही म्हणू नका. क्लास लावावयाचा की नाही, हे शिकणाऱ्याला ठरवू द्या. गरज वाटेल त्या दिवशी तो आपल्या पायांनी गुरूकडे जाईल, आणि त्या दिवशी त्याला काय विचारावयाचे हे ठाऊक असेल.

वादक सगळेच होणार नाहीत. होण्याची गरजही नाही. पण आपल्या हाताने एक सूर काढून तो आपल्याच कानाने ऐकण्याचा आनंद ज्याने त्याने घ्यावा, एवढ्यापुरती तरी विद्या मोकळी असली पाहिजे. अंगठा ज्याचा त्याला परत द्या. मग तो बाण मारील की तार छेडील, हे त्याचे तो पाहून घेईल.