सरमिसळीचे व्याकरण

पुण्यात १९२९ साली जन्मलेले अरविंद जोशी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संगणकाला वाक्य उकलायला शिकवत राहिले. १९७५ साली लेव्ही व ताकाहाशी यांच्यासह त्यांनी मांडलेले 'ट्री-अ‍ॅडजॉइनिंग ग्रामर' विख्यात झाले. २००३ साली त्यांना रुमेलहार्ट पारितोषिक मिळाले. २००१ साली ते प्रथम जेफ्री हिंटन यांना मिळाले होते. हिंटन आज घरोघरी ठाऊक आहेत. २०१७ साली निवर्तलेले जोशी मात्र मराठी विभागांतही अपरिचितच.

आम्हांला त्यांचा १९८२ चा निबंध सर्वाधिक मोलाचा वाटतो. विषय, मराठी-इंग्रजी मिश्र वाक्ये! या सरमिसळीला नियम आहेत, असे त्यांनी दाखविले. 'त्या ओल्ड बिल्डिंगमध्ये' असे आमच्या नेरचा विद्यार्थी सहज म्हणेल. 'त्या जुन्या इमारत इन' असे कदापि म्हणणार नाही. नामे-विशेषणे परकी चालतात; प्रत्यय, शब्दयोगी अव्यये मराठीच लागतात. म्हणजे वाक्याची सूत्रे मराठीच्याच हाती असतात. मराठी भ्रष्ट झाल्याचा शोक करणाऱ्यांनी (त्यांची संख्या आमच्या व्यवसायात मोठी आहे) आधी हा निबंध वाचावा. सोस्यूर आणि चॉम्स्की शिकविणाऱ्या एम. ए.च्या वर्गात तो नेमायला हवा, आणि तोही मराठीत आणून.