फिरंगरोग आणि लोकलज्जा

भावमिश्रानें १६ व्या शतकांत ‘भावप्रकाशां’त ज्यास ‘फिरंगरोग’ म्हटलें, त्यालाच डॉक्टर सिफिलिस म्हणतात. गुह्यांगावर कठीण, सहसा न दुखणारा व्रण उठतो व ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरून येतो. व्रण गेला म्हणजे रोग गेला, असें मानून कित्येक फसतात. पुढें तळहातां-तळपायांवर पुरळ येतो. वर्षानुवर्षांनीं हृदय व मेंदू ग्रासला जातो. गर्भवतीकडून गर्भासही बाधा होते. म्हणून आमचें सुज्ञ वाचकांस सांगणें कीं, मलमें लावीत न बसतां रक्त तपासवावें. सुनेस दिवस गेल्याचें कळतांच तिचेंही तपासवावें. १९४३ सालीं यावर पेनिसिलिनचा गुण सिद्ध झाला. आरंभींच्या अवस्थेंत बेंझाथीन पेनिसिलिनचें एकच इंजेक्शन बहुधा पुरतें. उपचार मात्र पतिपत्नी उभयतांनीं घ्यावा. लोकलज्जेपायीं अर्भकाच्या जिवाशीं खेळणें हा कुलधर्म नव्हे.