कोंबडा ठेवावा, तो पिलांसाठी

परसात आठ-दहा कोंबड्या आल्या की त्यांच्यात एक कोंबडा हवाच, असे बहुतेक घरांत धरून चालतात. त्याच्याशिवाय कोंबडी अंडी देत नाही, ही समजूत त्यामागे असते आणि ती चुकीची आहे. तलंग वयात आली, दाणापाणी आणि उजेड पुरेसा मिळाला की ती अंडी घालते. कोंबडा असो वा नसो. मोठ्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या वर्षाला 300 च्या आसपास अंडी देतात, त्या कोंबड्याविनाच. कोंबड्यामुळे अंडे फळते, एवढेच. म्हणून पिले काढायची असतील तरच कोंबडा ठेवावा, आणि ठेवायचा तर पारखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

फक्त घरच्या खाण्यापुरती अंडी हवी असतील, तर कोंबडा उलट नुकसानच करतो. तो दिवसाला 100 ते 125 ग्रॅम दाणा खातो, म्हणजे वर्षाला चाळीसेक किलो. त्याहून मोठा प्रश्न उन्हाळ्याचा. अंडे उबायला साधारण 37.5 अंश उष्णता लागते, आणि विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात घरातली हवाच तिथवर पोचते. अशा हवेत टोपलीत ठेवलेल्या फलित अंड्यात गर्भ वाढू लागतो, चार-पाच दिवसांत आत रक्ताच्या रेषा दिसतात आणि अंडे वाया जाते. अफलित अंड्याला ही भीती नाही. फलित अंडे अधिक पौष्टिक असते, असे आवर्जून सांगितले जाते. पण ताज्या अंड्यांच्या पोषणात तसा फरक नसतो. पिवळ्या बलकाचा गडद रंग येतो तो कोंबडीने खाल्लेल्या हिरव्या पाल्यातून.

कोंबडा राखण करतो, हा आक्षेप मात्र नुसता झटकून टाकण्यासारखा नाही. आभाळात घार दिसली की तो हाक देतो आणि कोंबड्या झुडपाखाली पळतात, हे खरेच आहे. पण मुंगूस किंवा रानमांजर खुराड्यात शिरते तेव्हा त्याचे काही चालत नाही. तिथे बारीक जाळी आणि घट्ट कडीच कामाला येते. शहराजवळच्या दाट वस्तीत तर आरवण्याचा त्रास शेजाऱ्यांना होतोच. खुराड्यावर गोणपाट टाकून तो थांबेल, या आशेवर राहू नये. मंद उजेडात कोंडलेले कोंबडेही शरीरातल्या घड्याळानुसार पहाटेच्या सुमारास आरवतात, हे जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले आहे.

खेड्यात, जिथे पिले विकून चार पैसे येतात, तिथे कोंबडा हवाच. पण कोणता? आखाडात किंवा जत्रेच्या आधी सगळ्यात वजनदार, तुरेबाज कोंबडा चांगल्या भावाने जातो आणि मागे उरलेला किरकोळ नर सगळ्या पिलांचा बाप होतो. प्रत्येक पिलाचा निम्मा वाण बापाकडून येतो, तेव्हा कळपाची पत इथेच घसरते. पैशाची नड असते, हे मान्य. पण पिलांत निम्मे नर निघतातच. विकायचे ते त्यातले, उत्तम एक राखून. आठ-दहा कोंबड्यांना एक नर पुरतो. तीन-चार कोंबड्यांमागे एक ठेवला, तर त्यांच्या पाठीवरची पिसे झडून कातडी उघडी पडते. गिरिराज, वनराजा यांसारख्या सुधारित जातींच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. अंडी उबवायला गावठी कोंबडी किंवा यंत्र नसेल, तर त्यांच्यात कोंबडा सोडून उपयोग नाही. आणि आपल्याच पिलांतला नर पिढ्यान्‌पिढ्या ठेवला, की अंडी कमी फळतात, पिले दुबळी निघतात. शेजारच्या गावाशी दर वर्ष-दीड वर्षाने नरांची अदलाबदल करायला फारसा खर्च येत नाही. फक्त जुना नर काढल्यावरही दोन-तीन आठवडे अंडी त्याच्याच बीजाने फळू शकतात, म्हणून नव्याची पिले हवी असतील तर तेवढे दिवस जाऊ देऊन मगच अंडी बसवावीत.