कणसात अळीही नको, औषधही नको, आणि भावही वाढायला नको

मंडळी, परवा खोपटच्या एसटी स्टँडबाहेर मिळणाऱ्या भाजलेल्या कणसांबद्दल दोन ओळी टाकल्या होत्या. त्याखालच्या कमेंट वाचून डोकं फिरलं. एक म्हणतो, "माझ्या कणसात अळी निघाली, हे शेतकरी औषध मारत नाहीत का?" त्याच्या खालीच दुसरा, "विष फवारून आपल्याला खायला घालतात, काही अक्कल नाही यांना." दोघांनाही वीसेक लाईक. काही लाईक तर त्याच लोकांचे, दोन्हीकडे! म्हणून हे लांबलचक लिहितोय. वाचायचं तर पूर्ण वाचा.

आधी अळीची ओळख करून घ्या. मक्यावरची ही अमेरिकन लष्करी अळी, शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा. मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये आफ्रिकेत सापडली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याकडे, आणि त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत आपल्या सोलापूर जिल्ह्यात. तिचा पतंग वाऱ्याबरोबर एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो. मादी आयुष्यात हजारावर अंडी घालते, पुंजक्यापुंजक्याने. अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. ही मक्याच्या पोंग्यात शिरते आणि मागे लाकडाच्या भुशासारखी विष्ठा सोडते. त्या विष्ठेचंच वर बूच बसतं. मग तुम्ही वरून कितीही महागडं औषध मारा, खाली पोचत नाही.

आता "शेतकऱ्याला अक्कल नाही" याबद्दल.

माझे मामा येवला तालुक्यात मका करतात. एकात्मिक कीड व्यवस्थापन हा शब्द त्यांच्या तोंडी येत नाही, पण त्यांना विचारलं तर सगळं सांगतात. पेरणी सगळ्यांनी एकदमच करायची, मागेपुढे केली की अळीला महिनाभर कोवळा मका मिळत राहतो. मक्यात उडीद-मूग घ्यायचा. कामगंध सापळे एकरी पाच लावायचे, पतंग किती येतात ते कळतं. पानावर अंड्यांचा पुंजका दिसला की चुरडायचा. शेतात पाच ठिकाणी वीस-वीस झाडं बघायची. शंभरात पाच झाडांना लागण दिसली की पाच टक्के निंबोळी अर्क, दहा ते वीस दिसली तरच रासायनिक औषध, तेही संध्याकाळी किंवा सकाळी, थेट पोंग्यात. तुरा बाहेर पडल्यावर रासायनिक फवारणी बंद. कृषी विद्यापीठाच्या घडीपत्रिकेत हेच लिहिलंय, आणि माणसाला पाठ आहे.

मग प्रत्यक्षात काय होतं? लागण दिसायच्या आधीच पहिली फवारणी होते. दहा दिवसांनी दुसरी, दोन औषधं आणि एक टॉनिक एकाच पंपात कालवून. का? हा प्रश्न आपण कधी विचारलाच नाही. त्याचं उत्तर शेतकऱ्याच्या डोक्यात शोधण्यापेक्षा दुकानाच्या फळीवर शोधा.

ट्रायकोग्रामा नावाची एक इवलीशी माशी असते, टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते, म्हणजे अळी जन्मायच्या आधीच संपते. शिफारस एकरी पन्नास हजार, आठवड्याच्या अंतराने. ही माशी ट्रायकोकार्डावर येते, कार्ड पानाच्या खाली टाचायचं. पण कार्ड म्हणजे जिवंत माल. थोड्याच दिवसांत त्यातून माश्या बाहेर पडतात, मग कार्ड म्हणजे नुसता कागद. कुठला दुकानदार तो माल ठेवेल? औषधाची बाटली मात्र दोन-दोन वर्षं फळीवर टिकते, उधारीवर देता येते, वर कंपनीची स्कीम असते. कार्ड कुठल्या तरी प्रयोगशाळेत मागणी नोंदवून आणावं लागतं आणि अंडी दिसतात त्या आठवड्यातच हातात असावं लागतं. मामांनी एकदा मागवलं होतं. कार्ड आलं तेव्हा अळ्या पोंग्यात जाऊन बसल्या होत्या. आणि बाजूच्या शेतात त्याच दिवशी फवारा चालू असेल तर या माश्या पण गेल्या.

निंबोळी अर्काचं तसंच. शहरातल्या माणसाला वाटतं, फुकटचं औषध, कडुनिंब तर बांधावर आहे. अहो, निंबोळ्या पिकून पडतात मे-जूनच्या सुमाराला, नेमकं पेरणीपूर्व मशागतीच्या घाईत. त्या वेचायच्या, गर काढायचा, सावलीत वाळवायच्या, जपून ठेवायच्या, फवारणीच्या आदल्या दिवशी कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळायच्या. शंभर लिटर फवाऱ्याला पाच किलो. वेचायला मजूर कोण? त्याची मजुरी मक्याच्या भावातून निघते का? मक्याचा २०२५-२६ चा हमीभाव २४०० रुपये क्विंटल आहे, आणि हमीभाव कागदावर असणं व हातात पडणं यातलं अंतर बाजार समितीत गेलेल्या कुणालाही विचारा.

आणि सल्ला कोण देतो? एका कृषी सहायकाकडे कित्येक गावं, त्यात पंचनामे, अनुदानाचे अर्ज, पोर्टल. अळी काही त्याच्या दौऱ्याची वाट बघत नाही. म्हणून शेतकरी पान तोडून खिशात घालतो आणि दुकानात जातो. जो औषध विकतो तोच डॉक्टर. तुमच्या फॅमिली डॉक्टरची कमाई फक्त गोळ्यांच्या विक्रीवर असती तर तुम्हाला "दोन दिवस थांबून बघा" असं कोण म्हणालं असतं?

भारत सरकारने एकात्मिक कीड व्यवस्थापन हे पीक संरक्षणाचं मुख्य धोरण म्हणून १९८५ मध्ये स्वीकारलं. १९८८ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय केंद्र काढलं. नाशिक-नागपूरला केंद्र सरकारची कीड व्यवस्थापनाची कार्यालयं आहेत. राज्यात २००८ साली सोयाबीनवर अळ्यांनी हाहाकार केल्यावर पुढच्या वर्षी क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला, आणि तो चांगला आहे, उगाच नावं ठेवणार नाही. म्हणजे कागद चाळीस वर्षांचा आहे. पण "कीड वाढली" हा मेसेज मोबाईलवर आल्यावर जे वापरायचं ते तालुक्यात मिळत नसेल, तर तो मेसेज वाचून माणूस बाटलीच आणणार.

इंडोनेशियाचं उदाहरण बघा. तिथे भातावर तपकिरी तुडतुडे माजले ते फवारणीने मित्रकीटक मेल्यामुळे. १९८६ मध्ये सरकारने भातावरची ५७ कीटकनाशकं एका फटक्यात बंद केली, औषधांवरचं अनुदान काढत नेलं, आणि १९८९ पासून शेतातच शाळा भरवल्या, हंगामभर, दर आठवड्याला. हुकूमशहाचं सरकार होतं, गुणगान करत नाही. पण त्यांनी आधी औषधाचा पैसा आटवला आणि मग शेतकऱ्याला शिकवायला बसले. आपण शेतीशाळेचा फोटो काढतो, चहा-बिस्किटं वाटतो, आणि बाहेर पडताना दारात औषध कंपनीची टोपी मिळते.

२०१७ चं यवतमाळ आठवतंय? कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात. तेव्हाही पहिली प्रतिक्रिया काय होती? मास्क घातला नव्हता, हातमोजे नव्हते. माणूसभर उंचीच्या कपाशीत, दमट उकाड्यात, भाड्याने फवारायला गेलेल्या मजुराला मास्क विचारणारे आपण! चुकलं असेल तर मेलेल्याचंच. मक्यातही पीक डोक्यावर जातं, फवारा वर धरावा लागतो आणि अंगावर येतो.

"आम्हाला काय त्याचं" असं म्हणणाऱ्यांसाठी. तुमच्या अंड्याच्या आणि चिकनच्या मागे मक्याचं खाद्य आहे. दुधामागे हिरवा मका आणि मुरघास आहे. आता तर पेट्रोलमध्येही आहे. उसाच्या रसाच्या इथेनॉलवर निर्बंध आले तेव्हा, २०२४ च्या सुरुवातीला, मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे भाव जाहीर झाला आणि मक्याखालचं क्षेत्र वाढलं. क्षेत्र वाढलं म्हणजे अळीचंही ताट वाढलं. क्षेत्र वाढवायला धोरण होतं, अळीसाठी मात्र "शेतकऱ्यांनी जागरूक राहावे".

माझं मागणं साधं आहे. मका घेणाऱ्या प्रत्येक तालुक्यात पेरणीनंतरच्या पहिल्या महिन्यात ट्रायकोकार्ड आणि सापळ्यांच्या गोळ्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी मिळाव्यात, दूध संकलन केंद्रावर दूध जातं तितक्या नेमाने. गावाने मिळून वापरावं, कारण एकट्याच्या सापळ्याने शेजारचा पतंग थांबत नाही. निंबोळी वेचणीला मजुरी रोजगार हमीतून द्या. आणि औषधाच्या बिलावर कीड कुठली, प्रमाण किती, काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे दुकानदाराने लिहून सही करावी.

ज्यांची गावं मक्याची आहेत, सिल्लोड, कन्नड, मालेगाव, येवला, जामनेर, कुठलीही, त्यांनी घरी फोन करून एकच विचारा: गेल्या खरिपात तुमच्या तालुक्यात ट्रायकोकार्ड मिळालं का, आणि कितव्या दिवशी? खाली तालुक्याच्या नावासकट लिहा. यादी झाली की मी ती कृषी आयुक्तालयाला पाठवतो. "शेतकरी अडाणी" छाप कमेंट मात्र उडवणार, आधीच सांगतोय.