कुंपणाबाहेरचे सैनिक

लॉस एंजेलिस शहराच्या पश्चिम अंगाला, ब्रेंटवुड या धनिकांच्या वस्तीला लागून, ३८८ एकरांचा एक विस्तीर्ण हिरवा भूखंड आहे. १८८८ साली सिनेटर जॉन जोन्स आणि आर्केडिया बँडिनी डी बेकर या जमीनदारीणबाईंनी ही जमीन सरकारला दान दिली. अपंग आणि निराधार झालेल्या सैनिकांना तेथे कायमचा निवारा मिळावा, हा त्या दानाचा हेतू. निवारा उभाही राहिला. अमेरिकन यादवी युद्धातले आणि पुढच्या युद्धांतलेही हजारो सैनिक तेथे राहिले. त्यांचे प्रार्थनामंदिर होते, टपाल कचेरी होती.

पुढे ती वसतिगृहे ओस पडत गेली. मोकळ्या पडलेल्या जागेवर विद्यापीठाचे बेसबॉलचे मैदान आले, एका महागड्या खासगी शाळेची क्रीडांगणे आली, वाहनतळ आले. आणि ज्यांच्यासाठी ही जमीन होती, ते? काही वर्षांपूर्वी याच भूखंडाच्या कुंपणाबाहेर, सान व्हिसेंटे रस्त्याच्या पदपथावर तंबूंची एक रांग उभी होती. तंबूंवर राष्ट्रध्वज लावलेले. आत राहणारे व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान पाहून आलेले माजी सैनिक. नोव्हेंबर २०२१ मध्ये ही रांग हटवण्यात आली. जवळच राष्ट्रीय दफनभूमी आहे. तेथे ऐंशी हजारांहून अधिक जण पांढऱ्या शिळांखाली शिस्तीत विसावलेले आहेत. मेलेल्या सैनिकाला जागा देण्यात अमेरिकेने कधी कसूर केली नाही. अडचण जिवंत राहिलेल्याची होते.

ही अडचण नवी नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्यांना १९२४ च्या कायद्याने भत्ता कबूल केला होता. देशात केलेल्या सेवेबद्दल दिवसाला एक डॉलर, समुद्रापलीकडच्या सेवेबद्दल सव्वा डॉलर. पण हाती पडला तो कागद, आणि पैसे मिळायचे १९४५ साली! मध्येच महामंदी कोसळली. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो बेकार माजी सैनिक बायकामुलांसह वॉशिंग्टनला येऊन थडकले. अ‍ॅनाकोस्टिया नदीकाठच्या चिखलात पत्रे, खोकी, मोडक्या मोटारी जोडून त्यांनी झोपड्या उभारल्या. म्हणणे एवढेच, की आमचे पैसे आज द्या, आज पोट आहे. २८ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोघे जण प्राणाला मुकले. मग अध्यक्ष हूव्हर यांनी लष्कर बोलावले. घोडदळ, रणगाडे, अश्रुधूर असा सगळा सरंजाम घेऊन जनरल मॅकआर्थर आपल्याच जुन्या सैनिकांवर चालून गेले. त्यांच्या दिमतीला आयसेनहॉवर होते आणि घोडदळात पॅटन. तिघेही पुढे दुसऱ्या महायुद्धाचे नायक ठरले. त्या रात्री झोपड्या जळाल्या. भत्ता अखेर मिळाला १९३६ साली, तोही अध्यक्ष रूझवेल्ट यांचा नकाराधिकार झुगारून.

या लाजिरवाण्या प्रसंगाची आठवण ताजी होती म्हणूनच १९४४ चा ‘जी. आय. बिल’ हा कायदा आला, असे म्हणणे फारसे चुकीचे ठरू नये. शिक्षणाचा खर्च, घरासाठी कर्जाची हमी, बेकारीभत्ता अशा तरतुदी त्यात होत्या. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिक त्यातून शिकले वा एखादे काम शिकून घेते झाले. अमेरिकेचा सुखवस्तू मध्यमवर्ग घडवण्यात या कायद्याचा वाटा मोठा आहे. मात्र कृष्णवर्णीय सैनिकाला बँका कर्ज देत नसत, हेही त्याच चित्राचे दुसरे अंग.

मग व्हिएतनाम आले. हरलेल्या, नकोशा युद्धातून परतलेल्याच्या स्वागताला कोणी नव्हते. युद्धाच्या धक्क्याने मनाला होणाऱ्या आजाराला वैद्यकाच्या अधिकृत यादीत स्थान मिळायला १९८० साल उजाडले. त्याच सुमारास मनोरुग्णालये रिकामी केली जात होती आणि शहरांतल्या स्वस्त भाड्याच्या एकखणी खोल्या पाडल्या जात होत्या. पदपथावरचा माजी सैनिक दिसू लागला तो तेव्हापासून.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. युद्धाच्या भीषणतेने माणूस वेडापिसा होतो आणि रस्त्यावर येतो, असे चित्र सिनेमांनी आपल्या मनावर ठसवले आहे. त्यात तथ्य आहे, पण सगळे तथ्य नव्हे. १९७३ साली सक्तीची भरती थांबली, सैन्यात बरेचसे गरीब घरचे तरुण येऊ लागले आणि पुढे बेघर झालेल्यांत, कधी रणांगण न पाहिलेल्यांचाही भरणा होता. गरिबी, तुटलेले घर, व्यसन, एकाकीपण आणि न परवडणारे भाडे ही कारणे इतर बेघरांची, तीच यांचीही. त्यात भर पडते ती पलटणीतल्या आयुष्याची. अठराव्या वर्षापासून जेवण, कपडे, निजायची जागा आणि दोस्त ज्याला आयते मिळाले, त्याला एके दिवशी हे सगळे एकदम सोडावे लागते. त्यातून एखाद्याला शिस्तभंगासाठी काढलेले असेल, तर बऱ्याच सवलतींचे दार त्याला बंद.

अमेरिकेत दर वर्षी जानेवारीच्या अखेरीस एका रात्री कार्यकर्ते विजेऱ्या घेऊन पुलांखाली, उद्यानांत, निवाऱ्यांत बेघरांची मोजदाद करतात. २०१० साली त्यांत ७४ हजारांवर माजी सैनिक आढळले. २०२४ साली ३२ हजार ८८२, म्हणजे निम्म्याहूनही कमी. याच २०२४ साली एकूण बेघरांचा आकडा मात्र ७ लाख ७१ हजारांवर गेला. तोवरचा तो उच्चांक होता. शहरे तीच, भाडी तीच. मग सैनिकांची संख्या घटली कशी?

तर त्यांच्यासाठी पैसा आणि माणसे दोन्ही लावली म्हणून. सैनिकाने उत्पन्नाच्या सुमारे ३० टक्के भाडे भरावे, उरलेले सरकारने, आणि त्याच्या औषधपाण्याची, व्यसनमुक्तीची विचारपूस करायला माजी सैनिक खात्याचा एक माणूस नेमलेला असावा, अशी ही योजना. आधी दारू सोड, मग घर देतो, हा जुना खाक्या. आधी घर, मग बाकीचे, हा नवा. ह्यूस्टन, न्यू ऑर्लीन्स या शहरांनी २०१५ साली, बेघर होणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाला झटपट घर देण्याची व्यवस्था आपण केल्याचे जाहीर केले. या नव्या पद्धतीला २०२५ साली अध्यक्ष ट्रम्प यांनी विरोध जाहीर केला आहे, हे नोंदवायला हवे. शिवाय सरकारी कारभार कोठेही सारखाच! अपंगत्वाचा भत्ता उत्पन्नात धरला जाई. त्यामुळे ज्याचे अपंगत्व जास्त त्याचा भत्ता जास्त, आणि म्हणून गरिबांसाठीच्या घराला तो अपात्र. ऑगस्ट २०२४ मध्ये हा नियम बदलला.

आपल्याकडे हा प्रश्न या रूपात दिसत नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावासारखी गावे घरटी एक जवान देतात. पस्तिशी-चाळिशीत तो पेन्शन घेऊन परततो, तेव्हा गावात घर असते, भाऊ असतात, तुकडाभर का होईना शेत असते. पुढे तो बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो. पण निजायला जागा असते. याचे श्रेय जिल्हा सैनिक कार्यालयापेक्षा पेन्शनला आणि एकत्र कुटुंबाला अधिक. या दोन्ही खांबांकडे आता पाहायला हवे. कुटुंबे विभक्त होत आहेत. आणि २०२२ च्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांनंतर चारांतल्या एकालाच सैन्यात राहता येईल; बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतील, पेन्शन नाही आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही. निमलष्करी दलांत राखीव जागा आहेत, पण त्या सर्वांना पुरणार नाहीत. बाविशी-पंचविशीतला हा तरुण बेघर होईल असे मला म्हणायचे नाही. तो पुढे काय करतो याची नोंद कोणते कार्यालय ठेवणार, एवढेच विचारायचे आहे.

लॉस एंजेलिसच्या त्या जमिनीचा वाद कोर्टात गेला. २०१३ साली एका न्यायाधीशाने तेथले बरेच भाडेकरार बेकायदा ठरवले, तरी मैदाने होती तेथेच राहिली. १,२०० घरांचा आराखडा २०१६ मध्ये झाला आणि रखडला. सप्टेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या खटल्यात न्यायमूर्ती डेव्हिड कार्टर यांनी आणखी १,८०० कायम घरे बांधण्याचा आदेश दिला आणि बेसबॉलच्या मैदानाला काही काळ टाळेही लागले. सरकार अपिलात गेले. मग मे २०२५ मध्ये अध्यक्षांचा हुकूम निघाला, की याच जागी २०२८ पर्यंत सहा हजार बेघर सैनिकांची सोय करावी. त्या साली मूळ दानाला १४० वर्षे पुरी होतील.